अनुभवाच्या जाहिराती आणि शेतकऱ्याची साक्ष

गेल्या दिवाळीनंतर भरलेल्या संघाच्या बैठकीस पाचाडचे आमचे एक जुने सभासद आले नाहीत. प्रकृतीचे काही कारण असेल असे प्रथम वाटले. परंतु चौकशी करता निराळीच हकीकत समजली, आणि ती या मासिकाच्या वाचकांपुढे मांडणे अवश्य आहे असे आम्हांस वाटते.

या गृहस्थांचे भात हळवे. ते पोटरीवर असता एका खासगी कंपनीचा प्रतिनिधी त्यांच्याकडे आला. पिकास जोम आणणाऱ्या एका द्रवाच्या दोन बाटल्या त्याने फुकट दिल्या, वर एक छत्री दिली आणि फवारणी आपल्या देखत करवून घेतली. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. तोवर भात निसवले होते, लोंब्या भरू लागल्या होत्या, पाऊस उघडला होता व पाठीमागे रायगडाचा कडा स्वच्छ दिसत होता. चहापाणी झाल्यावर त्याने सहज विचारावे तसे विचारले, "दादा, कसे काय आहे पीक?" घरी आलेल्या पाहुण्याने दिलेल्या वस्तूस त्याच्या तोंडावर नावे ठेवावी ही आमच्या खोऱ्याची रीत नव्हे, शिवाय पीक खरोखरच चांगले होते. "फरक चांगला पडला," असे ते म्हणाले. हे बोलणे मोबाइलवर टिपले गेले, त्यास मागाहून वाद्यांची साथ मिळाली, खाली 'शेतकऱ्याचा स्वतःचा अनुभव' अशी अक्षरे उमटली, आणि आठ दिवसांच्या आत ती चित्रफीत व्हॉट्सॲपवरून महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत जाऊन पोहोचली.

ज्यांचे भात गरवे होते त्यांपैकी पुष्कळांनी तो माल विकत आणून फवारला. झोडणीच्या वेळी खळ्यावर जेव्हा धान्याचे माप झाले, तेव्हा फवारलेल्या व न फवारलेल्या खाचरांत काही अंतर दिसून आले नाही. मग एके दिवशी पलीकडच्या वाडीतील एक नातलग या गृहस्थांच्या अंगणात येऊन उभे राहिले. "दादा, तुम्ही सांगितलेत म्हणून आणले," इतकेच ते बोलले. त्यावर आमच्या सभासदांनी उत्तर केले, "मी त्या पाहुण्याला सांगितले होते. तुम्हांला कुठे सांगितले?"

या उत्तरात खोटे काही नाही, आणि तरीही त्या दिवसापासून त्यांस चार माणसांत बसण्याचा संकोच वाटू लागला. कंपनीचा प्रतिनिधी आता दुसऱ्या तालुक्यात फिरत असेल. बाटलीचे पैसे ज्याचे गेले त्याचे गेले. पण आयुष्यभर खरे बोलून मिळविलेली पत ज्यांची गेली, त्यांस मोबदला म्हणून एक छत्री मिळाली आहे.

जाहिरात ही वस्तू आम्ही वाईट मानीत नाही. ज्याच्याजवळ विकावयाचा माल आहे त्याने त्याची दवंडी पिटावी हे योग्यच आहे, व ऐकणाराही ती दवंडी म्हणूनच ऐकतो. विक्रेता आपल्या दह्यास आंबट म्हणणार नाही हे आमच्या लहान मुलांसही ठाऊक असते. सांप्रत जे चालले आहे त्याचा प्रकार मात्र वेगळा आहे. कंपनीच्या शब्दावर लोकांचा विश्वास राहिलेला नाही, सिनेमातील नटाच्या शब्दावरही फारसा नाही, परंतु आपल्यासारख्याच माणसाच्या शब्दावर तो अद्याप आहे, हे जाहिरातदारांनी पुरते ओळखले आहे. म्हणून शहरांत साबण वापरणारी गृहिणी, औषध घेणारा रोगी व चूल मांडणारी नवी सून यांच्याच तोंडून जाहिरात वदविली जाते. आणि आमच्याकडे डोक्यास टॉवेल गुंडाळलेला, चिखलात उभा असलेला शेतकरी पुढे केला जातो. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर दवंडी कोणती व शेजाऱ्याचे बोलणे कोणते हे ओळखण्याची खूण राहत नाही. दोन्ही त्याच हातातल्या पडद्यावर, एकाखाली एक येतात.

शेजाऱ्याच्या बोलण्यास किंमत का असते, याचा विचार केला पाहिजे. तो अधिक शहाणा असतो म्हणून नव्हे. तो उद्या पुन्हा बांधावर भेटणार असतो म्हणून. हिरकणीची आख्यायिका आमच्या भागात घरोघर सांगतात ती तिच्या धैर्यासाठी. आम्हांस तीत आणखी एक गोष्ट दिसते. गडावर दूध घालणाऱ्या त्या गवळणीस दुसऱ्या दिवशी त्याच दरवाजाने, त्याच गिऱ्हाइकांसमोर जावयाचे होते. दुधात पाणी घातले असते तर दुसऱ्या दिवशीच जाब द्यावा लागला असता. चित्रफितीतील शेतकरी नाशिकचा असो की नांदेडचा, तो आमच्या बांधावर कधी येणार नाही. आणि तो आमच्याच गावचा असला म्हणजे जाब त्याच्याकडे मागितला जातो, ज्याने पैसा मिळविला त्याच्याकडे नव्हे.

शेतकऱ्याच्या अनुभवावर माल खपविण्याची युक्ती आजची नाही, आणि ती प्रत्येक वेळी वाईटच होती असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत पुष्कळ शेतकऱ्यांची होती व पहिल्या नांगरांस गिऱ्हाईक मिळता मिळता फार काळ गेला. ती समजूत शब्दांनी मोडली नाही. ज्यांनी नांगर घेतला त्यांची शेते शेजाऱ्यांनी पाहिली, तेव्हा ती मोडली. म्हणजे तेथेही जाहिरात वापरणाऱ्याचीच होती. परंतु ते शेत कोणासही जाऊन पाहता येत होते, कुळवाड्यास उलट प्रश्न विचारता येत होता, आणि नांगर जर फाळाशी मोडला असता तर तेही गावास दिसले असते. पुढे 1910 साली औंध संस्थानच्या मुलखात किर्लोस्करवाडी वसली व 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याचे नाव तिच्या मथळ्यावरच होते. वाचकाने ती हाती घेतली तेव्हा आपण कोणाचे बोलणे ऐकत आहोत हे त्यास पहिल्याच अक्षरापासून कळत होते, व तरीही ती महाराष्ट्राने आवडीने वाचली. नाव लपविल्यावाचून माल खपत नाही ही समजूत आम्हांस म्हणूनच पटत नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. यवतमाळ जिल्ह्यात भांबराजा व अंतरगाव अशी दोन गावे आहेत. या गावांतील शेतकऱ्यांची बीटी कापसाने भरभराट झाली व तेथे एकही आत्महत्या घडली नाही, असा पानभर वृत्तांत 31 ऑक्टोबर 2008 रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत बातमी म्हणून छापून आला. पत्रकारांच्या त्या दौऱ्याची व्यवस्था महिको-मॉन्सँटो बायोटेक या बियाणे विकणाऱ्या कंपनीने केलेली होती. पुढे 28 ऑगस्ट 2011 रोजी तोच मजकूर त्याच वृत्तपत्रात पुन्हा आला, या वेळी जाहिरात म्हणून. मार्च 2012 मध्ये संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीचे सदस्य भांबराज्यास गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांस आपल्या गावात 14 आत्महत्या झाल्या असल्याचे सांगितले. पी. साईनाथ यांनी 10 मे 2012 च्या 'हिंदू' पत्रात हा सर्व प्रकार उघड केला. त्या पत्रास स्वतंत्रपणे तपासून 2003 ते 2009 या काळातील 9 घटनांची खात्री करून घेता आली होती. बीटी कापूस बरा की वाईट हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. त्यास पुष्कळ बाजू आहेत. आमचे म्हणणे इतकेच की एका गावाचे सुखदुःख त्या गावास न विचारता जाहिरातीचे भांडवल झाले, बातमी आणि जाहिरात यांतील कुंपण तीन वर्षांत असे मोडले की तोच मजकूर दोन्ही बाजूंस चालला, आणि खरे काय ते गावकऱ्यांनी स्वतः सांगेपर्यंत साडेतीन वर्षे लोटली. तेव्हा निदान छापखाना होता, संपादक होता, तारीख होती. म्हणून हे सिद्ध तरी करता आले. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीस यांपैकी काहीच नसते.

पिकास जोम आणणाऱ्या द्रवांच्या बाबतीत हा रोग विशेष बळावला, त्याचे कारण त्या धंद्याच्या रचनेतच आहे. युरियाच्या पोत्यावर नत्राचे प्रमाण लिहिलेले असते व ते प्रयोगशाळेत तपासता येते. ही 'टॉनिके' मात्र वर्षानुवर्षे कोणत्याच कायद्याच्या कक्षेत धड येत नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने त्यांस खत नियंत्रण आदेशाखाली आणले. तरी तात्पुरत्या परवानगीवर विक्री चालूच राहिली व ती मुदत जून 2025 मध्ये संपली. त्यानंतर जुलै 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जे आकडे सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अशी सुमारे 30,000 उत्पादने कित्येक वर्षे निर्वेधपणे विकली जात होती, नंतरच्या चार वर्षांतही सुमारे 8,000 चालू होती, आणि तपासणी कडक केल्यावर ती संख्या सुमारे 650 वर आली, असे ते म्हणाले. ज्या मालाच्या गुणाचा पुरावा प्रयोगशाळेत देता येत नव्हता, त्याचा पुरावा शेतकऱ्याच्या तोंडून घेण्यावाचून विक्रेत्यास दुसरा मार्ग कोणता होता? आमच्या सभासदांच्या दारी आलेला पाहुणा याच गरजेपोटी आला होता.

त्यात भाताचे पीक साक्ष देण्यास फार सोयीचे. महाड-पोलादपुरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो वेळेवर पडला व निसवण्याच्या वेळी उघडला, म्हणजे भात कोणी काही न करताही देखणे दिसते. मग ज्याने शेवटी हात लावला त्याचे श्रेय. ज्या खाचराची चित्रफीत गावोगाव फिरली, त्या खाचरात त्या वर्षी आणखी काय काय झाले होते हे आम्ही स्वतः जाऊन विचारले. चिखलणीच्या आधी बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला दर गुंठ्यास सुमारे तीस किलो या मानाने गाडलेला होता. रोपे दोरीवर लावलेली होती. लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात एक याप्रमाणे युरिया-डीएपीच्या गोळ्या हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचलेल्या होत्या. ही डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेली चारसूत्री पद्धत होय. भाताचा पेंढा व तुसाची राख पुन्हा जमिनीस देणे हे तिचे पहिले सूत्र, तेही पाळलेले होते. दहा गुंठ्यांस सुमारे सतरा किलो गोळ्या लागतात. घरच्या बायकामाणसांनी दोन दिवस वाकून हे काम केले होते. यांतील एकही गोष्ट चित्रफितीत नाही, कारण त्याविषयी त्यांस कोणी विचारलेच नाही.

येथे एक मौज पाहण्यासारखी आहे. चारसूत्रीची चित्रफीत घेण्यास कोणती कंपनी छत्री घेऊन येईल? बांधावरचा पाला कोणी विकत नाही. पेंढा आपल्या घरचा. दोरीवर लावणी करण्यास दोरीच लागते. ज्या सुधारणेस विक्रेता नाही तिच्या अनुभवास वाद्यांची साथ मिळत नाही. आणि शेतकरी रात्री पडल्या पडल्या मोबाइलवर जे पाहतो, त्यात शेतीतील सर्व सुधारणा बाटलीत भरलेल्याच असतात. चित्रफितीतील एकेक शब्द खरा असूनही सर्व मिळून होणारे चित्र खोटे असू शकते, ते असे. शिवाय शंभर शेतांत फवारणी झाली व दहा शेतांत पीक चांगले आले, तर कॅमेरा त्या दहांच्याच बांधावर जातो. नव्वदांचे मौन कोणी टिपीत नाही.

एक साधा हिशेब करावयाचा राहून जातो, तो आम्ही येथे करून दाखवितो. त्या बाटलीस 650 रुपये पडले. 2025-26 च्या खरिपासाठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये होती. म्हणजे दहा गुंठ्यांत एक बाटली फवारणाऱ्याचे 27 किलोंहून अधिक भात अगोदरच खर्ची पडले. तितके वाढले तर तो होता तेथेच राहिला, आणि फवारणीची मजुरी वेगळी. 'फरक चांगला पडला' या शब्दांत 27 किलो बसतात की नाही हे मापावाचून कळणार कसे? आपली खाचरे लहान, त्यामुळे दोन-चार किलोंचा फरक डोळ्यांस दिसत नाही व बाटलीची किंमत मात्र मोठ्या बागाइतदारास पडते तितकीच आपणांस पडते.

गरिबास कोणी छत्री दिली तर तुमच्या पोटात का दुखते, असेही आम्हांस एका तरुण सभासदाने विचारले. आमच्या पोटात दुखत नाही. उलट आमची तक्रार अशी आहे की त्यांस फार थोडे मिळाले. नट एखाद्या मालाची स्तुती करतो तेव्हा करारपत्र होते, वकील बसतात, रक्कम ठरते व ही जाहिरात आहे हे सर्वांस समजते. शेतकऱ्याची साक्ष नटाच्या साक्षीहून अधिक माल खपविते म्हणून तर त्याच्या दारी येतात. मग त्याचा चेहरा व आवाज कोठे, किती दिवस व कशासाठी वापरणार हे त्यास लिहून का देत नाहीत? ज्याने उघडपणे मोबदला घेतला, 'हे मी कंपनीसाठी सांगत आहे' असे म्हटले व जे खरे वाटले तेच सांगितले, त्याने कोणाचेही काही बिघडविलेले नाही.

कायद्यानेही हीच वाट धरली आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये अमलात आला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल माल तयार करणाऱ्यास व त्याची शिफारस करणाऱ्यासही दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास आहे; शिफारस करणाऱ्यास वर्षभर, पुढे तीन वर्षांपर्यंत, शिफारशी करण्याची बंदीही होऊ शकते. जाहिरातदारांच्याच ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिलने 2021 साली समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी नियम केले. प्राधिकरणाने जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व जानेवारी 2023 मध्ये ती सोप्या भाषेत समजावून सांगितली. त्यांप्रमाणे मोबदला म्हणजे केवळ रोख पैसा नव्हे. फुकट माल, सवलत, सहल, भेटवस्तू, इतकेच काय, नात्याचा संबंधदेखील सांगितला पाहिजे, आणि तो ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, सहज दिसेल असा सांगितला पाहिजे. म्हणजे दोन बाटल्या व एक छत्री यांचाही उल्लेख त्या चित्रफितीत मराठीत हवा होता. शिफारस करणाऱ्याने योग्य ती खातरजमा केली असल्यास त्यास दंडापासून मोकळीक आहे हे खरे. पण पाचाडच्या शेतकऱ्याने ती कशी करावी? या कायद्याचा पहिला बडगा खाचरात उभ्या असलेल्या माणसावर पडू नये, ज्याने कॅमेरा धरला व ज्याने त्याला पाठविले त्यांच्यावर पडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतका वेळ आम्ही दुसऱ्यांविषयी बोललो. आता घरचे बोलले पाहिजे, कारण आपण केवळ घेणारे नाही, विकणारेही आहोत. पाचाडास जिजाऊंची समाधी व वाडा आहे, रोपवे जवळच आहे, आणि जुलै 2025 मध्ये रायगडासह बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाल्यापासून गडाचे नाव आणखी दूरवर गेले आहे. गडावर येणारा मनुष्य पुण्यामुंबईहून निघण्यापूर्वीच जेवण कोठे करावे व मुक्काम कोठे करावा हे मोबाइलवरील अभिप्राय वाचून ठरवितो. येथे चांगला अभिप्राय म्हणजे रोजची भाकर आहे, हे आम्ही जाणतो. पण मुंबईस असलेल्या भावाकडून, मेहुण्याकडून व त्यांच्या मित्रांकडून, ज्यांनी त्या ओटीवर कधी पिठले-भाकरी खाल्ली नाही अशांकडून, पाच-पाच तारे लावून घेण्याची चाल आपल्याकडेही सुरू झाली आहे. चांगले लिहिल्यास बिलात सूट देणारेही आहेत. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढले. परंतु ते ऐच्छिक आहे, व घाऊक मंडळींपुढेच ज्याची मात्रा चालत नाही ते आमच्या ओटीवर काय चालणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, घाऊक बाजारातून आणलेली नाचणी व बाहेरून आणलेला मध पुढे ठेवून 'आमच्या शेतातून, आमच्या रानातून' अशा रीली करणारे दोन-तीन जण आमच्या माहितीत आहेत. ते आमचे सभासद आहेत म्हणूनच आम्ही हे लिहीत आहोत. ज्या बायका डोंगरउतारावर खरोखरच नाचणी लावतात, त्यांच्या नाचणीचा दाणा बारीक दिसतो व भाव चढा असतो, गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून त्यांस विचारते, "अमक्याकडे स्वस्त मिळते, तुमची खरी कशावरून?" खोट्या साक्षीचा दंड असा खऱ्या माणसास भरावा लागतो.

हापुसाच्या बाबतीत कोकणाने हे दुःख पुरेपूर भोगले आहे. परमुलखाचा आंबा कोकणच्या नावाने पेटीत भरला जातो हे आता कोणास सांगावयास नको. म्हणून 2018 साली हापुसास भौगोलिक निर्देशन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे व पालघर यांबरोबर आपला रायगडही आहे. त्या नोंदणीचा खरा उपयोग शिक्क्यात नाही. प्रत्येक बागाइतदारास आपले नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवावे लागते, म्हणजे पेटीमागे एक माणूस उभा राहतो, ज्याच्याकडे जाऊन जाब विचारता येतो. हे नाव नोंदविण्यात आमच्या तालुक्याने जो आळस केला आहे त्याविषयी पुढे केव्हातरी लिहू.

एक कबुली देणे प्राप्त आहे. या मासिकातही जाहिराती येतात व त्यांवर कागदाचा बराचसा खर्च भागतो. काही वर्षांमागे एका कंपनीने पाठविलेली एका बागाइतदाराची 'यशोगाथा' आम्ही जशीच्या तशी, लेख म्हणून छापली होती. तीमागे जाहिरातीचे पान आरक्षित झाले होते हे वाचकांस सांगितले नव्हते. त्या वेळी त्यात गैर वाटले नाही. आज वाटते, आणि ज्या सभासदांनी त्या लेखावर विसंबून पैसा घातला असेल त्यांची आम्ही क्षमा मागतो.

यापुढे आम्ही असे ठरविले आहे की, पैसे घेऊन छापलेला मजकूर चौकटीत, वर 'जाहिरात' असे ठळक लिहून छापला जाईल. सभासदांनी पाठविलेले अनुभव घेऊ. परंतु त्याबरोबर गाव, गुंठे, भाताची जात, लावणीची तारीख, घातलेली सर्व खते, मळणीनंतरचे माप, माल विकत घेतला की फुकट मिळाला, आणि शेजारी न फवारलेली पट्टी ठेवली होती की नाही, इतके लिहून आले पाहिजे. फसलेले अनुभवही तितक्याच जागेत छापू. किंबहुना ते आधी छापू, कारण ते दुसरीकडे कोठे मिळणार नाहीत. कोणी प्रतिनिधी मोबाइल घेऊन बांधावर आल्यास सभासदांनी त्यास चहा अवश्य द्यावा, पण चित्रफीत कोठे वापरणार हे लिहून घेतल्यावाचून बोलू नये. मालाविषयी शंका असल्यास रोह्याजवळील किल्ला येथील कृषि विज्ञान केंद्रास किंवा तालुका कृषि कार्यालयास विचारावे. तेथील उत्तर चित्रफितीइतके गोड नसते व कधी कधी उशिरानेही येते, तरी त्यामागे कोणाची छत्री नसते.

आमच्या त्या सभासदांस आम्ही त्यांच्या घरी जाऊन भेटलो. कंपनीस फोन करून चित्रफीत काढून टाकण्यास त्यांनी सांगितले आहे. तिकडून होकार आला, परंतु एकदा हातोहात गेलेली वस्तू परत येत नाही, आणि परवाच महाडच्या बाजारात एका मुलाने तीच चित्रफीत आम्हांस 'बघा, तुमच्या पाचाडचे काका' म्हणून दाखविली. येत्या खरिपात त्यांनी रस्त्याकडेचे दहा गुंठ्यांचे खाचर निवडले आहे. त्यातील पाच गुंठ्यांस ते तोच द्रव, या वेळी स्वतः पैसे देऊन आणून फवारणार आहेत व पाच गुंठे तसेच ठेवणार आहेत. मध्ये दोरी बांधावयाची आहे. झोडणी चार माणसांसमोर व्हावी, मापास संघाचा काटा मिळावा, आणि पलीकडच्या वाडीतील त्या नातलगांस आमच्याकडून निरोप जावा, अशी त्यांची विनंती आहे. काटा देण्याचे संघाने मान्य केले आहे, व निरोप आम्ही पोहोचविला आहे.